प्रिंट चांगली आहे ना?

भाड्याच्या व्हीसीआरनं मध्यमवर्गीय घराला रात्र रात्र जागवलं. लग्नाच्या कॅसेटनं त्याच घराला पहिल्यांदा पडद्यावर आणलं. त्या काळ्या कॅसेटी आता कपाटातल्या कपाटात पांढऱ्या पडू लागल्या आहेत...

‘प्रिंट चांगली आहे ना?’

१९८०च्या दशकात व्हिडिओ लायब्ररीच्या काउंटरवर हा प्रश्न न विचारता कॅसेट घेऊन आलेला माणूस विरळाच. दुकानदाराचं उत्तरही ठरलेलं. ‘एकदम क्लीअर, साहेब. मास्टर प्रिंट!’ घरी येऊन लावावी तर पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग ट्रॅकिंगचं बटण फिरवा, कॅसेट बाहेर काढून फुंकर मारा, मशीनच्या डोक्यावर हलकीशी थाप द्या... एवढ्या खटाटोपानंतर नायकाचा चेहरा ओळखू आला की घरभर समाधान पसरायचं. आणि ऐन मारामारीत पडद्याच्या तळाशी एक काळं डोकं उगवून डावीकडून उजवीकडे चालत जायचं. थिएटरात चोरून कॅमेरा लावून केलेली ती ‘कॅमेरा प्रिंट’ असायची आणि पुढच्या रांगेतला कुणी प्रेक्षक मध्येच उठलेला असायचा!

तरीही लोक डोळे ताणून पाहत बसत. असं काय होतं त्या डब्यात?

हातातल्या मोबाइलवर हवा तो सिनेमा हव्या त्या क्षणी पाहणाऱ्या पिढीला हे चटकन उमगणार नाही. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्यानंतर कित्येक वर्षं वाहिनी एकच आणि चित्र काळं-पांढरं. आठवड्याला एक मराठी चित्रपट, एक हिंदी, मध्ये तोंडी लावायला ‘छायागीत’. कोणता सिनेमा आणि किती वाजता, हे दूरदर्शन ठरवणार. त्याच वेळी वीज गेली की सिनेमा गेला. घरच्या माणसांनी काय बघायचं ते घरच्या माणसांनीच ठरवावं, ही सोयच नव्हती. ती व्हिडिओनं आणली.

गंमत म्हणजे, हे यंत्र बनवणाऱ्यांच्या मनात भाड्याचा सिनेमा नव्हताच. चित्रफितीवर मुद्रण करणारं पहिलं व्यावसायिक यंत्र अमेरिकेतल्या अँपेक्स कंपनीनं १९५६ मध्ये आणलं. ते होतं टीव्ही केंद्रांसाठी. सामान्य माणसाच्या दिवाणखान्यात मावेल आणि खिशाला झेपेल असं यंत्र यायला आणखी वीसेक वर्षं गेली. सोनीचं बीटामॅक्स १९७५ मध्ये आलं, जेव्हीसीचं व्हीएचएस १९७६ मध्ये. सोनीचे अकिओ मोरिता यांची कल्पना अशी की, कार्यक्रमाच्या वेळी घरी नसलेल्या माणसाला यंत्रानं तो टिपून ठेवावा आणि त्यानं सवडीनं पाहावा. हॉलिवुडच्या स्टुडिओंना मात्र त्यात चोरी दिसली. युनिव्हर्सल आणि डिस्ने यांनी १९७६ मध्ये सोनीला कोर्टात खेचलं. १७ जानेवारी १९८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमतानं निकाल दिला, की घरी नंतर पाहण्यासाठी केलेलं असं रेकॉर्डिंग बेकायदा नाही. पुढे याच स्टुडिओंनी कॅसेटी विकून बक्कळ पैसा केला, तो भाग वेगळा!

आपल्याकडे मुळात टिपून ठेवण्यासारखं होतं काय? क्रिकेटचे सामने, १९८७-८८ मध्ये ‘रामायण’, त्यामागोमाग ‘महाभारत’... यादी फार लांबत नाही. शिवाय पुढे कितीतरी घरांत आला तो व्हीसीपी, म्हणजे नुसतं दाखवणारं यंत्र. त्याला रेकॉर्डिंग येतच नसे. त्यामुळे अमेरिकेत जे यंत्र कार्यक्रम ‘साठवण्या’साठी जन्मलं, ते भारतात आधी भाड्याचा सिनेमा दाखवू लागलं. साठवण्याचं काम आपल्याकडे वेगळ्याच दारानं आलं, मांडवाच्या!

वर्गणीची रात्र

१९८२ साली दूरदर्शनला रंग आला आणि नोव्हेंबरात दिल्लीत आशियाई खेळ भरले. परदेशी रंगीत टीव्ही आणण्यासाठी सरकारनं सवलती दिल्या. टीव्हीच्या पाठोपाठ व्हीसीआर आला. काही रीतसर जकात भरून, बरेचसे तशाच वाटांनी. आखातात माणसं गेलेल्या रत्नागिरी-रायगडच्या गावांत, गोव्यात आणि केरळात टू-इन-वनच्या मागोमाग तो सामानातून उतरला. मुंबईत मनीष मार्केट आणि मुसाफिरखाना, दिल्लीत पालिका बाजार, मद्रासेत बर्मा बाजार. कुणाला काय हवं ते कुठे मिळतं, हे साऱ्या देशाला ठाऊक होतं.

विकत घेण्याची ऐपत मोजक्यांची. बाकीच्यांसाठी भाडं. ‘व्हिडिओ लायब्ररी’ हे नावही उगाच पडलेलं नाही. मुंबईतलं शेमारू १९६२ मध्ये पुस्तकं भाड्यानं देणारी लायब्ररी म्हणून सुरू झालं आणि १९७९ मध्ये कॅसेटी देऊ लागलं. कादंबरी बदलून आणावी तसा सिनेमा बदलून आणायचा, ही सवय वाचणाऱ्या घरांना नवी नव्हती.

चाळीत, वसाहतीत शनिवारी वर्गणी निघे. टीव्हीसकट व्हीसीआर, तीन-चार कॅसेटी आणि सकाळी अमुक वाजेपर्यंत परत करायची अट. पहिली कॅसेट आजीच्या पसंतीची, देवादिकांची नाहीतर रडारडीची. दुसरी मारामारीची. पहाटेची शेवटची कॅसेट पुरती पाहिलेला माणूस शोधूनही सापडत नसे, पण पैसे भरलेत म्हणून ती चालूच! पोरं सतरंजीवर आडवी झालेली, दारात शेजारचे उभे आणि मशीनवाला पोरगा कोपऱ्यात घोरतोय. गणेशोत्सवात आणि सार्वजनिक सत्यनारायणाच्या रात्रीही रस्त्यात टीव्ही मांडून हाच सोहळा.

या रात्रींनी बायकांना काय दिलं, हे मात्र क्वचितच कुणी विचारलं. सासरी नांदणाऱ्या सुनेला एकटीनं किंवा मैत्रिणीबरोबर थिएटरात जाणं सोपं नव्हतं. कुणीतरी ‘नेलं’ तर जायचं. व्हीसीआर आला आणि दुपारची भांडी आवरून चार शेजारणी मिळून सिनेमा पाहू लागल्या. त्या दुपारी त्यांच्या मालकीच्या होत्या. रात्रीचं तसं नव्हतं. रात्री जागणाऱ्या वीसजणांचा चहा करायला पुन्हा तीच सून ओट्यापाशी उभी! कितीतरी जणींनी त्या काळातले सिनेमे असे तुकड्या-तुकड्यांनीच पाहिले.

थिएटरवाल्यांचं कंबरडं मात्र मोडलं. सिनेमा पडद्यावर लागायच्या आत त्याची कॅसेट बाजारात येऊ लागली. चहाच्या हॉटेलांत, लक्झरी बसमध्ये, पत्र्याच्या शेडमधल्या ‘व्हिडिओ पार्लर’मध्ये खेळ लागू लागले. रात्री उशिराच्या खेळांना काय दाखवतात, ते घराघरांत कुजबुजून बोललं जाई. सरकारनं १९८४ मध्ये कॉपीराइट कायदा कडक केला. चोरट्या कॅसेटीसाठी सहा महिने ते तीन वर्षं तुरुंग, शिवाय पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. व्हीसीआरवर पैसे घेऊन खेळ दाखवणं म्हणजे सिनेमाच दाखवणं, तेव्हा परवाना हवाच, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९३ मध्ये स्पष्ट केलं. तोवर धंदाच बदलला होता. इमारतीच्या एका खोलीत व्हीसीआर ठेवून तिथून घराघरांत वायर टाकणारा ‘केबलवाला’ अवतरला होता. १९९१ मध्ये स्टार आणि १९९२ मध्ये झी आलं ते याच वायरीवरून. वर्गणीची रात्र संपली.

याच काळात एक अपवादही घडला. ५ ऑगस्ट १९९४ रोजी ‘हम आप के हैं कौन’ झळकला तेव्हा राजश्रीनं त्याचे व्हिडिओ हक्क बाजारात येऊच दिले नाहीत. सिनेमा पाहायचा तर थिएटरातच या! आणि कुटुंबंच्या कुटुंबं नटूनथटून आली. तो सिनेमा म्हणजे लग्नाची तीन तासांची कॅसेट, असं त्या वेळी चेष्टेनं म्हटलं जाई. चेष्टा खरी ठरली. त्यानंतर कितीतरी मराठी लग्नांच्या कॅसेटी त्या सिनेमासारख्या दिसू लागल्या आणि करवल्या नवरदेवाचे बूट पळवू लागल्या.

‘मामा, जरा बाजूला!’

कार्यालयाच्या दारात पॅनासॉनिकचा अवजड कॅमेरा खांद्यावर घेतलेला व्हिडिओवाला उभा आहे. मागे हॅलोजनचा दिवा उंच धरलेला पोरगा, त्याच्यामागे भिंतीपर्यंत गेलेली वायर. त्या वायरीत अडखळली नाही अशी एकही काकू त्या काळात लग्नाला गेली नसेल.

या कॅमेऱ्यानं लग्नाचं काय केलं? सर्वांत आधी, पाहुण्यांची तोंडं बदलली. दिवा अंगावर आला की गप्पा थांबत, पदर सावरले जात, हसू आणलं जाई. कुणाला दोनदा टिपलं आणि कुणाला एकदाही नाही, यावरून रुसवे-फुगवे झाले. पंगतीत घास तोंडात असतानाच दिवा यायचा, आणि त्यामुळे कितीतरी मान्यवर या जगात कायमचे तोंड भरलेले राहिले आहेत! अंतरपाटाशी तर वधूच्या मामांनाच जागा उरेना. ‘मामा, जरा बाजूला! गुरुजी, एक मिनिट, हार परत घालू या.’ आणि गुरुजी थांबत. मुहूर्ताच्या घटकेला घड्याळाकडे डोळे लावून बसणारी माणसं कॅमेऱ्यासाठी हार दुसऱ्यांदा घालायला तयार झाली, हा बदल लहान नव्हता.

रुखवत, आहेर, भांडी, फ्रिज यांवरूनही कॅमेरा सावकाश फिरायचा. ती मांडणी आधी मांडवापुरती असे. आता ती सासरच्या सगळ्या नातलगांत महिनोन्महिने फिरू लागली. ‘त्यांच्याकडच्या कॅसेटमध्ये बघितलंत ना, काय काय दिलंय ते?’ वधूपित्याच्या खर्चात यानं भरच घातली.

पण दुसरी बाजूही आहे. ज्या आजीला गुडघेदुखीमुळे लग्नाला येता आलं नाही, तिनं घरी बसून नातीच्या अक्षता पाहिल्या. आखातात सुट्टी न मिळालेल्या भावानं बहिणीची पाठवणी कॅसेटवर पाहिली. अमेरिकेत मात्र एक घोटाळा होई. हौसेनं धाडलेली कॅसेट तिथल्या यंत्रात लावली की नीट दिसायचीच नाही. आपल्याकडची पद्धत पॅल, ६२५ ओळींची. तिकडची एनटीएससी, ५२५ ओळींची. मग दोन्ही पद्धती चालणारं यंत्र कुठल्या मराठी घरात आहे, याची चौकशी सुरू होई.

मग संध्याकाळच्या संध्याकाळी ही कॅसेट चालायची. नवपरिणीत जोडप्याकडे गेलेल्या पाहुण्याला चहाबरोबर कॅसेट ठरलेली. पाहुणा बिचारा पहिल्या अर्ध्या तासात घड्याळ पाहू लागे, पण घरचे लोक स्वतःला पाहून थकत नसत. ते स्वाभाविकच होतं. फोटोत आपण कसे दिसतो हे सगळ्यांना माहीत होतं. आपण चालतो कसे, वळतो कसे, पाठमोरे कसे दिसतो, हे बहुतेकांनी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

आवाज कुठे गेला?

आज या कॅसेटी पुन्हा शोधल्या जात आहेत. कारण सांगायला नको. त्यांत दिसणारी निम्मी वडीलधारी माणसं आता नाहीत. मोबाइल यायच्या आधी गेलेल्या माणसाचं चालतं-बोलतं रूप कुठे असेल, तर बहुधा कुणाच्या तरी लग्नाच्या कॅसेटमध्ये, पाच-सात सेकंदांपुरतं.

आणि इथेच अनेकांना धक्का बसतो. कॅसेट मिळते, यंत्रही मिळतं, चित्र येतं. वडील हात उंचावून कुणाला तरी काही सांगताहेत, ओठ हलताहेत... आणि ऐकू येतंय ते सिनेमाचं गाणं! ‘मिक्सिंग’ ही त्या काळातली मोठी प्रतिष्ठेची गोष्ट होती. चित्र कापून, जोडून, बदामाच्या आकारात वधू-वरांचे चेहरे बसवून मूळ आवाजावर गाणी चढवली जात. मांडवातला गोंगाट कुणाला हवा होता? त्या गोंगाटातच मंगलाष्टकं होती, आत्याची हाक होती, वडिलांचा आवाज होता. मूळ कच्च्या कॅसेटी व्हिडिओवाले बहुधा पुढच्या लग्नासाठी वापरत. तयार कॅसेटमध्येही कुठे कुठे मिक्सिंगवाल्यानं कंटाळा केलेला असतो आणि अचानक गाणं थांबून खरा आवाज येतो. असे तुकडे सोन्याच्या मोलाचे. हीच कॅसेट आज यूट्यूबवर टाकायला जावं, तर गाण्याच्या हक्कांवरून अडवली जाते, ही त्यावर कडी!

काही कॅसेटींची गत याहून वाईट. कॅसेटच्या कडेला प्लास्टिकचं एक छोटं पान असे. ते मोडलं की तिच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होत नसे. पण त्या खाचेवर चिकटपट्टी लावली की पुन्हा होई! सामना रंगात आलाय, घरात कोरी कॅसेट नाही, आणि हाताशी आहे ती एकच... पुढचं भांडण किती दिवस चाललं, ते ज्या त्या घरानं आठवावं.

वाया जाणारं धन

चित्रफीत म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर चिकटद्रव्यानं बसवलेले चुंबकीय कण. हवेतल्या दमटपणानं ते चिकटद्रव्य सुटतं, आणि मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात गुंडाळीवर पांढरी बुरशी चढते. न जपलेली कॅसेट दहा ते तीस वर्षांत केव्हाही हात देऊ शकते. यंत्रंही संपत चालली. व्हीसीआर बनवणारी शेवटची नावाजलेली कंपनी, जपानची फुनाई, हिनं जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. एके काळी वर्षाला दीड कोटी यंत्रं विकणाऱ्या या कंपनीनं २०१५ मध्ये जेमतेम साडेसात लाख विकली होती. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयानं २०१५ मध्येच बजावलं होतं की, २०२५ पर्यंत ज्या चित्रफितींची डिजिटल प्रत निघणार नाही, त्यातल्या बहुतेक गमावल्यातच जमा. ती मुदत उलटून गेली आहे.

हा केवळ घरगुती मामलाही नाही. टीव्ही केंद्रं फिती महाग म्हणून पुसून पुन्हा वापरत. बीबीसीसारख्या संस्थेनं साठ-सत्तरच्या दशकांतले कितीतरी कार्यक्रम असे घालवले. फिलाडेल्फियात मॅरियन स्टोक्स नावाच्या बाईंनी १९७९ पासून २०१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत घरच्या व्हीसीआरवर अहोरात्र बातम्या टिपल्या. जवळपास सत्तर हजार कॅसेटी! तेव्हा लोकांनी त्यांना विक्षिप्त म्हटलं. आता इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था तो ठेवा सांभाळते आहे. आपल्याकडेही जुन्या दूरदर्शनच्या जाहिराती, मधल्या सूचना, निवेदिकांचे चेहरे आज जे इंटरनेटवर दिसतात, त्यातले कितीतरी कुणाच्या तरी घरच्या कॅसेटवर ‘चुकून’ आलेले असतात.

तेव्हा कपाट उघडाच. कॅसेटच्या खिडकीतून पांढरे ठिपके दिसले, तर ती यंत्रात घालू नका. फीत तुटेल, हेड खराब होईल आणि तीच बुरशी पुढच्या कॅसेटला लागेल. अशी कॅसेट वेगळी ठेवून जाणकाराकडूनच साफ करून घ्या. बाकीच्या कॅसेटी पुस्तकांसारख्या उभ्या, कोरड्या जागी ठेवा. टीव्ही किंवा स्पीकरला टेकवून नकोत. कडेचं ते पान शाबूत असेल, तर आधी मोडा. कॅसेटची डिजिटल प्रत काढून देणारी दुकानं मोठ्या शहरांत अजून आहेत. त्यांना आधीच सांगा, की काहीही कापू नका, गाणी बदलू नका, अंधारी वाटली तरी ‘सुधारू’ नका. आहे तशी पूर्ण प्रत हवी. तिच्या दोन नकला दोन वेगळ्या घरांत ठेवा, नुसत्या पेनड्राइव्हवर विसंबू नका. १९९०च्या दशकाअखेरीस ज्यांनी कॅसेटची व्हीसीडी करून घेतली, त्यांनीही मूळ कॅसेट टाकू नये. व्हीसीडीत चित्र आणखी दाबलं जातं. मूळ फितीत तपशील जास्त असतो.

आणि प्रत हाती आली की घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाशेजारी बसून एकदा पूर्ण पाहा, कागद-पेन घेऊन. हे कोण, त्या कुठल्या, मागच्या खुर्चीवरचे कोट घातलेले गृहस्थ आपल्याकडचे की त्यांच्याकडचे, हे मिनिटांच्या आकड्यासकट लिहून घ्या. वेळ लागेल. आजोबा प्रत्येक चेहऱ्यापाशी थांबवायला सांगतील.